रुमालाखालचा जीपीएस

विमान शिकवायच्या धंद्यात उडणं कमी आणि ढग हटायची वाट बघणंच जास्त. बेळगावचे ढग म्हणजे पाहुणे, एकदा आले की जेवूनच जातात! मग आम्ही हँगरमध्ये चहा पीत बसतो आणि किस्से साठत जातात.

*

आमचे चीफ इन्स्ट्रक्टर इनामदार सर. जीपीएसवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. विमान जरा वर स्थिरावलं की खिशातला रुमाल काढून स्क्रीनवर टाकायचे आणि विद्यार्थ्याला म्हणायचे, "सॅटेलाइट गेला. आता घरी ने!"

शहापूरचा विनायक एकदा रुमालाचं टोक उचलून हळूच बघत होता.

सर म्हणाले, "सॅटेलाइटला घाम आलाय काय रं? पुसतोयस ते!"

*

पुढे एकदा रुमालाशिवायच जीपीएस गंडला. तेव्हा विनायकसोबत मी होतो. स्क्रीनवर आमचं विमान थेट अरबी समुद्रात! विनायकचा चेहरा पांढराफटक.

"सर, आपण समुद्रावर आलोय!"

मी म्हटलं, "जरा खिडकीतनं बघ की. समुद्रात ऊस कुणी लावलाय?"

*

तेव्हापासून विनायकनं रेल्वेचे रूळ धरायचं ठरवलं. सरांसोबत लोंढ्यापर्यंत झकास गेला. पण ते पडलं जंक्शन! परतताना बेळगावचे समजून पठ्ठ्यानं गोव्याचे रूळ धरले. सर आरामात खिडकीबाहेर बघत बसले. खालचं जंगल काही संपेना, तसा विनायक चुळबुळायला लागला.

"सर, मागं फिरू काय?"

"कशाला रं? आलोच आहोत तर मासे खाऊन जाऊ!"

*

निपाणीच्या पद्मजाचं मात्र हसण्यावारी न्यायला कुणाला जमत नव्हतं. लँडिंग लोण्यासारखं, पण स्क्रीनवर रुमाल पडला की पोरगी हमखास रस्ता चुकायची. वडिलांनी बजावलं होतं, "या खेपेला न्हाय जमलं तर घरी ये, आपलं आडतीचं दुकान बघ." ती हँगरमागे जाऊन रडायची. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी सरांनी तिला एकटीला सोडायचं ठरवलं. बेळगाव ते निपाणी आणि परत. आदल्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला.

"सर, आमच्या गच्चीवर हिच्या आईची लाल साडी पसरून ठेवतो. वाट चुकली तर घर तरी घावंल!"

सर वैतागले. "आण्णा, ती विमानातनं येणार आहे, एसटीतनं न्हवं!"

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या वाटेवर असताना रेडिओ खरखरला. जीपीएस बंद, आणि ढग टाळताना खालचा हायवेही सुटलेला! रेडिओवर इंग्रजीच बोलायचं, हा सरांचा कडक नियम. खाली काय दिसतंय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"शुगरकेन, सर. ओन्ली शुगरकेन."

सर त्याच रुमालानं कपाळ पुसत होते. मी चहा हातात धरून तसाच उभा.

आणि एकदम तिचा आवाज आला, अस्सल निपाणीचा.

"सर, लाल साड्या! अख्ख्या गल्लीच्या गच्च्यांवर लाल साड्या हायत! आमचं घर कुठलं, कळंना झालंय... पण निपाणी घावली!"

सरांनी टेबलावरचा माईक ओढला.

"मग पंख हलव की सगळ्यांस्नी! अन् हायवे धरून परत ये गं!"