ईस्टरचा मान

आज बादलीत चुना भिजवला, आणि त्याच्या वासाबरोबर मी लोणावळ्याच्या कबरस्तानातल्या त्या पहाटेत जाऊन पोचले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही ख्रिस्ती मंडळी आपापल्या माणसांच्या कबरी चुन्यानं रंगवत असू. ईस्टरच्या पहाटे सगळे तिथं जमत आणि दरसाल एका घरचा कर्ता पुरुष मोठ्यानं म्हणे, "प्रभू उठला आहे." त्या वर्षी तो मान आमच्या घराचा होता. पण रेल्वेत इंजिनावर काम करणारे माझे बाबा पंधरवड्यापूर्वीच प्लेगनं गेले होते. त्यांच्या कबरीची माती अजून बसलीही नव्हती. म्हणून आईनं भोवती धोंडे मांडून तेच रंगवले होते.

पाळकसाहेब हलकेच म्हणाले, "बाई, यंदा दुसऱ्या कुणाला सांगतो."

आई आंदर मावळातली. पदर सारखा करत ती म्हणाली, "नगं, पाळकसाहेब. माजा नवरा मेलाय. देव न्हाई मेला."

चुन्यानं तडकलेल्या हातात माझा हात धरून ती पुढं झाली. आवाज मध्येच चिरकला, तरी तिनं वाक्य पुरं केलं. "खरोखर उठला आहे," सगळ्यांनी उत्तर दिलं.

मला तेव्हा वाटलं, आई लोकांना सांगतेय. पण लोकांकडं तर तिची पाठ होती. तोंड होतं बाबांच्या मातीकडं.

आता तीही तिथंच आहे. यंदा मान पुन्हा आमच्या घराचा आहे. माझे दोन कर्ते मुलगे असताना मीच उभी राहणार आहे, तिच्याकडं तोंड करून.