मशीनखालची चटई

आमचे हे भित्रे आहेत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते मी, आणि तेही मान डोलावतात. लिफ्टला भितात, फोनच्या घंटीला भितात, दातांच्या डॉक्टरला भितात. पाकिटावर गोल शिक्का दिसला की ते मलाच उघडायला लावतात. एकदा शेजारचं मांजर घरात शिरलं, तर हे गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि दाराला आतून कडी घालायला मला सांगितलं. मांजर माझ्या वाट्याला!

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. ह्यांच्यामागे तो कायमच असतो, त्याची मला सवय झाली आहे. पण गेल्या वर्षी ड्राफ्टच्या दिवशी तो माझ्याही मागे लागला.

हे क्रीडा संकुलात सामानाच्या खोलीचे कारकून. चेंडू, जाळ्या, शिट्ट्या, पंप यांचा हिशेब ठेवायचा. वर्षातले दोन दिवस मात्र ह्यांचा भाव वधारतो. मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहे, तिचे आठ क्लब दरवर्षी नव्या खेळाडू निवडतात. एका संध्याकाळी सगळे क्लब मोठ्या सभागृहात बसतात, पाळीपाळीनं एकेक नाव पुकारतात, त्यालाच ड्राफ्ट म्हणतात. गेल्या वर्षी शेवटी राहिलेल्याला पहिली पाळी. प्रत्येकाला दोन पाळ्या, म्हणजे सोळा मुली. येतात छत्तीस. राहिलेल्या वीस आल्या वाटेनं घरी. त्याआधी दोन दिवस या मुलींची मापं घेतात, आणि उंची मोजायचं काम बावीस वर्षं ह्यांच्याकडे आहे. एवढ्या वर्षांत एकही तक्रार नाही, कारण माणूस भित्रा. रोज सकाळी दोन मीटरची लोखंडी दांडी भिंतीवरच्या मोजपट्टीला लावून पट्टी बरोबर दोनशे दाखवते का, ते तीनदा बघणार, वहीत सही करणार, मगच पहिली मुलगी आत. "थांबा, शून्य बघू द्या," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरून मुलींनी नावच ठेवलं, शून्यकाका.

मी शिवणकाम करते. मापं माझ्याही हातात असतात, पण माझ्या मापात अर्ध्या इंचाचा दाब सोडलेला असतो, चुकलं तर उसवता येतं. ह्यांच्या मापाला दाब नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांनी मला सांगितलं होतं, की दिवसभर उभं राहिलं की माणूस संध्याकाळी पाच-सात मिलिमीटरनं बुटकं होतं. मला वाटलं, पदरात वेडा पडला की काय.

तर गेल्या वर्षी, मापांच्या पहिल्या दिवशी हे घरी आले आणि जेवताना म्हणाले, "मुली अनवाणी उभ्या राहतात, आणि या वर्षी खोलीला नवी लादी बसवलीय. बर्फ आहे नुसता. एकीचे तर दात वाजत होते."

"मग माझ्या मशीनखालची चटई न्या की," मी म्हटलं. "दोन दिवस मशीन थोडी खडखडली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

काळी रबरी चटई. दुसऱ्या दिवशी ती काखेत मारून हे गेले. संध्याकाळी आले ते खुशीत. सकाळी पहिली आली ती पाच नंबर. छातीवर पाचाचा बिल्ला असलेली, लांब वेणीची मुलगी. तिनं चटईवर पाय टेकवले आणि म्हणाली, "काका, किती बरं वाटलं हो!" हे वाक्य ह्यांनी मला दोनदा ऐकवलं. मीही मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. चटई दाराआड गुंडाळून पडली ती तीन दिवस तशीच.

ड्राफ्टच्या दिवशी हे रजेवर होते, ह्यांचं काम संपलेलं. सकाळी अकराच्या सुमाराला मी चिडले. माझी मशीन आणि शेजारचं कापायचं टेबल एका उंचीचं करून घेतलेलं आहे, म्हणजे कापड सरळ सरकतं. चटई नसल्यानं मध्ये पायरी झाली होती आणि लांब झालर सारखी अडकत होती. "अहो, ती चटई घाला बघू खाली," मी ओरडले. ह्यांनी मशीन एका बाजूनं उचलली, चटई सारली, दुसऱ्या बाजूनं उचलली, ओढली. मी टेबलावरून मशीनवर हात फिरवला.

"हं, आता कशी सपाट झाली!"

हे उठले नाहीत. गुडघ्यांवर बसून टेबलाच्या आणि मशीनच्या सांध्याकडे बघत राहिले.

"आधी किती खाली होती?" ह्यांनी विचारलं.

"असेल बोटभर. का?"

ह्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, चटईच्या कडेला उभी लावली. मग ती पट्टी ह्यांच्या हातातून पडली.

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा माझ्याही तोंडचं पाणी पळालं. ह्यांनी सकाळी दांडी लावून शून्य तपासलं ते लादीवर. सही केली. मग मुलींना आत घ्यायच्या आधी, त्यांना गार लागू नये म्हणून, चटई अंथरली. दुसऱ्या दिवशीच्या अठराही मुली एक सेंटीमीटर उंच झाल्या होत्या. पहिल्या दिवशीच्या अठरा होत्या तेवढ्याच.

"एका सेंटीमीटरनं काय होतंय?" मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच पटला नाही.

ह्यांनी कालचा पेपर आणला. मापं छापून आली होती. एका क्लबच्या प्रशिक्षकानं सांगितलं होतं, की शेवटच्या पाळीला ते चेंडू पुढे आणणारी मुलगी घेणार, पण एकशे सत्तरच्या आतली नको, मागच्या वर्षी पस्तावलो. पेपराच्या अंदाजानं तोवर चेंडू पुढे आणणाऱ्या मुली दोनच उरत होत्या. तेवीस नंबर, जिला पेपरवाले चिमणी म्हणतात, पहिल्या दिवशी मोजलेली, एकशे एकोणसत्तर पूर्णांक सात. आणि पाच नंबर, चटईवरची, एकशे सत्तर पूर्णांक सहा.

"चिमणी खेळते चांगली," हे म्हणाले. "आणि खरं बघितलं तर तीच केसभर उंच आहे. माझ्यामुळे ती आज घरी जाणार." ह्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"कोणी बघितलं तुम्हाला चटई घालताना?"

"कोणीच नाही. मुली तिच्यावर उभ्या राहिल्या, पण शून्य कशावर बघितलं ते त्यांना काय ठाऊक. मोजायला मी एकटा. लिहिणारा बाहेर टेबलावर बसतो, मी आतून आकडा सांगतो."

"आणि वहीत?"

"वहीत शून्य बरोबर आहे. सही आहे माझी."

"मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण तेवीस नंबर..."

"तेवीस नंबर कोण लागते तुमची? मावशी? निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. बावीस वर्षांचं नाव आहे. मापात पाप केलं म्हणतील लोक. पैसे खाल्ले म्हणतील! चटई बायकोनं दिली असं सांगणार आहात का चारचौघांत?"

हे मी बोलले. लिहून ठेवते, कारण नंतर आम्ही दोघं गेलो म्हटल्यावर लोकांना वाटलं, बाई धीराची, नवऱ्याला घेऊन गेली. मी घेऊन गेले नाही. मी दुपारी तीनपर्यंत ह्यांना गप्प बसवत होते. चटई माझी होती. डोळ्यांसमोर सारखं येत होतं, की ती चटई टेबलावर ठेवली आहे आणि कोणीतरी विचारतंय, ही कुणाची? झालर तीनदा उलटी शिवली.

साडेतीनला हे उठले. मशीन एका बाजूनं उचलली.

"काय करताय?"

"चटई लागेल दाखवायला," हे म्हणाले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "तू येतेस का? मला एकट्याला भीती वाटते."

भीती वाटते म्हणून जाऊ नका, असं मी सांगत होते. ह्यांना भीती वाटत होती आणि हे चप्पल शोधत होते. मी मशीनवरचा दिवा बंद केला.

लीगचं ऑफिस संकुलाच्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर. बावीस वर्षं हे कधी वर गेले तर जिन्यानं. त्या दिवशी घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती, ड्राफ्ट सहाला. हे लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं तेव्हा ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडीचा वण दोन दिवस होता.

सचिवबाईंनी एका कानाला फोन लावूनच सगळं ऐकलं. मग फोन खाली ठेवला, चटईकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"मला आणि हिला."

"मग आपण असं समजू या का," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "की तुम्ही वर आलाच नाहीत?"

अगदी माझंच बोलणं, फक्त खुर्ची मोठी. माझा जीव भांड्यात पडला. आता हे मान डोलावणार, मोठ्या माणसांसमोर हे नेहमीच डोलावतात. ह्यांनी काखेतली चटई बाईंच्या टेबलावर ठेवली.

"नाही बाई," हे म्हणाले. "मी आलोय."

"ठीक आहे. अठरा जणींचा एकेक सेंटीमीटर वजा करू."

"तसं चालणार नाही. रबर दबतं. जड मुलीखाली जास्त, हलक्या मुलीखाली कमी. पुन्हा मोजायला लागेल. आणि सगळ्यांना, छत्तीस जणींना. संध्याकाळी उंची उतरते, अर्ध्या मोजल्या तर त्यांच्यावर अन्याय."

"हे तुमचं शेवटचं काम, कळतंय ना तुम्हाला?" बाई म्हणाल्या. ह्यांनी मान डोलावली.

पाचला सामानाच्या खोलीबाहेर रांग लागली. पोरी ड्राफ्टसाठी नटून आलेल्या. चमकते कपडे, केस बांधलेले, उंच टाचा. त्या टाचा हातात घेऊन अनवाणी उभ्या. आया कुजबुजत होत्या. एका प्रशिक्षकानं ह्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुठल्या क्लबानं गाठलं रे या म्हाताऱ्याला?" हे वळले नाहीत. दांडी पट्टीला लावायला गेले तर हात एवढा थरथरत होता, की लोखंड भिंतीवर टकटक वाजत होतं. बाहेर कोणीतरी हसलं. मी पुढे होऊन दांडीचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरला. माझेही हात थरथरत होते, पण दोघांच्या थरथरण्यात ती कशीबशी स्थिर झाली.

"शून्य बघू द्या," हे पुटपुटले. दोनशे.

मग एकेक मुलगी. हे आकडा सांगत, मी लिहीत होते. चिमणी आली, निळ्या झग्यातली, नजर खाली. एकशे एकोणसत्तर पूर्णांक दोन. पाच नंबर आली. वेणीत पांढरी फुलं. लादीवर पाय ठेवले आणि अंग चोरलं.

"काका, आज चटई नाही?"

ह्यांनी काही सेकंद फळी तिच्या डोक्यावर टेकवलीच नाही.

"नाही, बेटा," हे म्हणाले. फळी टेकवली. "एकशे अडुसष्ट पूर्णांक नऊ."

मी तो आकडा लिहिला. माझ्या हातून लिहिलेला सर्वांत वाईट आकडा तो.

ड्राफ्ट पाऊण तास उशिरा सुरू झाला. आम्ही सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे होतो, आत जाऊन बसायची आमची छाती नव्हती. पंधरा नावं पुकारली गेली. शेवटच्या पाळीला तो एकशे सत्तरवाला प्रशिक्षक कागद उलटसुलट करत बसला. हे माझ्या शेजारी ओठ हलवत काय मागत होते, ठाऊक नाही. आता दोघीही सत्तरच्या आत होत्या, उंचीवर निवडायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. शेवटी त्यानं चिमणीचं नाव घेतलं. ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. सभागृह हसलं. हे रडले, पण बघत होते दुसरीकडेच. चौथ्या रांगेत पांढऱ्या फुलांची वेणी हलली नव्हती.

बाहेरच्या दालनात आम्ही भिंतीकडेनं निघालो होतो, कोणाला दिसू नये म्हणून. चटई ह्यांच्या काखेत. तेवढ्यात मागून अनवाणी पावलं आली. सॅंडल हातात, डोळे सुजलेले. पाच नंबर. माझी पाचावर धारण बसली. ही आता बोलणार, आणि बोलू दे, तिचा हक्क आहे, असं म्हणत मी ह्यांच्या पुढे उभी राहिले.

"काका," ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"आई दर महिन्याला दाराच्या चौकटीवर खूण करते. मी एकशे सत्तर कधीच झाले नाही. तुम्ही आकडा सांगितलात, तेव्हाच मला कळलं काहीतरी चुकलंय. मी खाली बघितलं. चटई दिसली." तिनं नाक पुसलं. "मी बोलले नाही. पेपरात आलं तरी बोलले नाही. भीती वाटली."

मला त्या पोरीच्या तोंडाकडे बघवेना. दुपारी तीनपर्यंत मी जे करत होते तेच तिनं केलं होतं, आणि ती विशीचीसुद्धा नव्हती. मी पन्नाशीची.

"मलाही वाटली," हे म्हणाले. बावीस वर्षांचं काम गेलेला माणूस, पण ह्यांचं लक्ष तिच्या पायांकडे. दालनाची फरशी तीच, नवी. ह्यांनी काखेतली चटई काढली, खाली टाकली, वाकून हातानं सपाट केली.

"ये, हिच्यावर उभी राहून सॅंडल घाल," हे म्हणाले. "आता मोजायचं नाहीये."