मुंजाजीचं कुलूप आणि नवे बूट

मुंजाजीसारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. तलवाड्याजवळच्या आमच्या जिनिंग मिलमध्ये तो वायरमन, मी सुपरवायझर. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर काम निघालं की आधी पॅनलचा खटका पाडून वीज बंद करायची, त्यावर स्वतःचं पितळी कुलूप घालायचं, किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधायची. मग लांब दांड्याच्या टेस्टरनं तपासायचं, अर्थिंग जोडायचं. तोवर इकडे माझा जीव खालीवर!

"मुंजाजी, लग्न लावायलास काय? आटप की!"

"करंट काय सुपरवायझरला इचारून येतो व्हय, सायेब?"

दुसरी किल्ली मागितली, तर म्हणाला, "ती इहिरीत टाकली."

त्या दुपारी ट्रान्सफॉर्मर बिघडलेला. तीन तास जिन बंद, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत, आणि गाडीवाले माझ्या नावानं शंख करत होते. मी तणतणत पॅनलच्या खोलीशी गेलो. दारात मुंजाजीच्या चपला नव्हत्या. कामाला लागताना तो चपला दारात काढायचा आणि आत ठेवलेले रबरी बूट घालायचा. चपला दिसल्या म्हणजे मुंजाजी कामावर, हे सगळ्या मिलला पाठ. फोन लावला, तर तो तिथंच टेबलावर वाजला. म्हणजे काम उरकून गडी खुशाल जेवायला घरी गेला, आणि किल्ली कमरेला!

माझं डोकंच फिरलं. हातोडा आणून कुलपावर दोन घाव घातले. तिसरा उचलला, तेवढ्यात भिंतीपलीकडून, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणातून आवाज आला.

"कोण ठोकायलंय बे?"

हातोडा तिथंच टाकला. धावत मागं गेलो. मुंजाजीचे दोन्ही हात कोपरापर्यंत ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत होते, आणि पायात नवे कोरे बूट. जुने फाटले म्हणून आदल्या संध्याकाळी मीच दिलेले.

"घरूनच घालून आलो, सायेब. आमची मालकीण सारजाबाई म्हणली, लई भारी दिसायल्यात."

मी कुंपणाबाहेरूनच म्हणालो, "मुंजाजी, मी तुला मारलं असतं रे. कुलूप तुटलं असतं, तर मी खटका चढवला असता."

तो हात पुसत आत गेला, कुलपावरचे दोन घाव बोटानं चाचपले आणि म्हणाला, "पितळ चांगलं निघालं."

दुसऱ्या दिवशी गेवराईहून मीही एक कुलूप आणलं. आता खटक्याला दोन कुलपं असतात, आणि मुंजाजी बाहेर येऊन समोर उभा राहीपर्यंत माझी किल्ली माझ्या करदोट्याला. गाडीवाले शिव्या देतात. देऊ द्या.