राईस मिलच्या नकाशातली जाळी

भूत-भानामती मी मानत नाही. त्याविरुद्ध पत्रकं छापून मूलपासून कुरखेड्यापर्यंतच्या आठवडी बाजारांत वाटणारा मी माणूस. खालचं वाचून हसायचं तर हसा... मीही हसलो असतो.

नव्वदच्या दशकाची अखेर. मला जुन्या यंत्रांचे नकाशे जमवायचा नाद होता. बंद जिनिंगचे, लाकूड कापायच्या आरा मशीनचे, माजरीकडच्या खाणीतल्या जुन्या इंजिनांचे — खळ दिलेल्या चकचकीत कापडावर काळ्या शाईनं काढलेले. मूलमध्ये रशीदभाईंच्या भंगार दुकानात ते यायचे. बायका मात्र ते कापड म्हणून न्यायच्या. उकळलं की खळ जाते, शाई जाते, खाली पांढरी मलमल उरते. मी चिडायचो. हा पुरावा आहे, तुम्ही तो धुऊन टाकता, असं भाषण ठोकायचो. रशीदभाई म्हणायचे, "मशीन गेली, मालक गेला, कपडा कामाचा आहे. तुम्ही काऊन जीव काढून राह्यले, भाऊ?"

त्या वर्षी तिथल्याच एका राईस मिलमध्ये नामदेव नावाचा मजूर इंजिनाच्या पट्ट्यात ओढला जाऊन मेला. पट्टा घसरला की चालू मशीनवरच लाकडानं परत चढवायचा, ही तिथली रीत. मशीन थांबवलं की मालक शिव्या द्यायचा. जुने मजूर सांगत, पट्ट्याभोवती पूर्वी लोखंडी जाळी होती, मालकानं ती काढून टाकली. मालक म्हणे, मिल बसवली तेव्हापासून जाळी नव्हतीच, माणूसच निष्काळजी. नामदेवच्या बायकोची, शकुनबाईची, भरपाईची केस मी हातात घेतली. आणि पंधरा दिवसांत रशीदभाईंकडे त्याच मिलचा नकाशा सापडला! कोपऱ्यात मिलचं नाव. पट्ट्याभोवती जाळी — एकेक चौकट आखलेली, मापांसकट.

आता माझी लाज सांगतो. मूळ नकाशा चंद्रपूरच्या कामगार ऑफिसात दिला की त्याला भोक पाडणार, शिक्का मारणार, तो परत येणार नाही. माझ्या संग्रहातला तो सगळ्यात देखणा. म्हणून मी झेरॉक्स जोडली. शकुनबाईला सांगितलं, एवढं पुरतं.

सुनावणीत तिथल्या साहेबानं मूळ मागितलंच. मी ते सोबत नेलं होतं. सकाळी घरी उघडून पाहिलं तेव्हा जाळी होती. पत्र्याच्या नळीत घालून एस.टी.नं चंद्रपूरला आलो, वाटेत नळी मांडीवरून हलवली नाही. साहेबाच्या टेबलावर उलगडलं... इंजिन होतं. पट्टा होता. मिलचं नाव होतं. जाळी नव्हती.

शाई ब्लेडनं खरडून काढली तर या कापडावर लव उठते. खिडकीशी धरून पाहिलं — काचेसारखं साफ. मालकाच्या वकिलानं नकाशा आणि झेरॉक्स शेजारी ठेवले आणि म्हणाला, "कार्यकर्त्याचा हात चांगला आहे, साहेब. ड्रॉइंग टीचर व्हायला हवे होते." मालक हसला. खोटा कागद आणला म्हणून साहेब ओरडला, तोही माझ्यावर नाही, शकुनबाईवर. केस गेली.

बाहेर पायरीवर तिनं विचारलं, "खरं सांगा, भाऊ. मालकानं तुमाले काय देलं?"

तिनं हात पुढे केला. म्हणाली, तेवढा कपडा तरी मले द्या. तेव्हाही मला नळी सोडवत नव्हती. तिनं ओढून घेतली.

अपिलाची मुदत संपल्यावर तिच्या गावी गेलो, माफी मागायला. ते कापड तिनं माठावर गाळणं म्हणून बांधलं होतं. इंजिन, पट्टा, मिलचं नाव, सगळं धुऊन गेलेलं. मधोमध फक्त जाळी. काळीभोर. एकेक चौकट, मापांसकट.

मी विचारलं, धुताना एवढंच कसं राहिलं?

"राह्यलं नाई. आधी नव्हतंच न ते," शकुनबाई म्हणाली. "उकळल्यावर आलं. कितीकदा घासलं, जात नाई."

ते मला परत द्याल का, असं मी विचारलं. होय, तिथंही मी मागितलंच. ती गाळण्यातून पाणी ओतत राहिली.

"हे माह्या कामाचं आहे. तुमच्यापाशी झेरॉक्स आहे न, भाऊ."

शाईचं काम जाणणाऱ्या दोघांना नंतर विचारलं. एकानं मला दारू पितोस का विचारलं, दुसऱ्यानं विषय बदलून चहा मागवला. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. झेरॉक्स आहे.