दोन हिरवे दिवे

सर्व्हर रूमचं दार उघडलं की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला जासईतला तो कॉम्प्युटर क्लास आठवतो. खालून कंटेनरचे ट्रेलर गेले की टेबलं थरथरायची. शिकवणाऱ्या मॅडम गावातल्याच. त्यांनी सांगितलं होतं, या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं, म्हणून एक बिघडली तरी काही जात नाही. एका दुपारी प्रॅक्टिस करताना जागा भरल्याचा मेसेज आला. मी ‘आई’ नावाचा मोठा फोल्डर बिनधास्त कायमचा पुसून टाकला. दुसऱ्या डिस्कवर आहेच की! दोन्ही हिरवे दिवे एकदम लुकलुकले. दुसरी डिस्क काढून वेगळी लावून बघितली, तर फोल्डर तिथेही नव्हता. माझं पुसणंसुद्धा तिच्यावर उमटलं होतं. तेवढ्यात मॅडम चहा घेऊन आल्या. “उद्या तुमाला आमच्या आईचे धवले ऐकवते,” त्या म्हणाल्या. “गावातल्या प्रत्येक लग्नात तीच गायची. ती गेली, पन आवाज हाय ना या मशीनमधी.” मी मान हलवून कप घेतला. दुसऱ्या दिवशी क्लासला गेलोच नाही. आज शेकडो डिस्कचा बॅकअप माझ्या ताब्यात असतो, पण जासईचा फाटा मी अजून टाळतो.