डाव्या कानातले काका

माझ्या भाचीच्या लग्नाचं बोलकं आमंत्रण मी तयार केलं, त्याला आता दोन वर्षं होतील. ते ऐकून नेमकं काय घडलं हे मला अजून कळलेलं नाही. तरी सांगतो, कारण न कळलेल्या गोष्टी सांगण्यात मला फार गोडी.

मी जन्मापासून आंधळा. कॉम्प्युटरवर लोकांचे आवाज कापणं, जोडणं, त्यातली खरखर काढणं हा माझा धंदा. हेडफोन लावला की डाव्या कानात स्क्रीन रीडर बडबडतो, कुठलं बटण, कितवा सेकंद. आणि उजव्या कानात ज्याचं रेकॉर्डिंग असेल तो माणूस बोलतो. दोघं एकाच वेळी, आणि मला दोघंही समजतात. इतकी वर्षं असं केल्यावर माझी समजूत झाली होती, की सगळ्या जगाचे कान असे शेजारशेजारच्या दोन दुकानांसारखे वेगवेगळे उघडे असतात.

बहीण सुरतेत लिंबायतला राहते. मेहुणे वारलेले, म्हणून आमंत्रण करायचं ते मुलीच्या दोन काकांच्या नावानं. आणि हे काका जुळे. एक जवळच्या कडोदरा गावी कापडाच्या लूमवर, दुसरे सचिन नावाच्या गावी कापड रंगवण्याच्या कारखान्यात. आधी कोण जन्मलं, म्हणजे थोरला कोण, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. सुईण कधीच वारली, आणि आई 'दोन्ही माझेच' एवढंच सांगून गेली.

छापील पत्रिकेत प्रेसवाल्यानं नावं एका ओळीत शेजारी बसवून वेळ मारून नेली. पण आवाजात शेजारी बसता येत नाही. तिथं एकाला दुसऱ्याच्या मागं उभंच राहावं लागतं, आणि ज्याचं नाव मागं तो लग्नाला येणार नाही. दोन आमंत्रणं करावीत, तर मोबाइलवरची गोष्ट तासाभरात सगळ्या भाऊबंदांत फिरते.

बहीण म्हणाली, "भाऊ, एक उना नि एक नही उना, तर मी मांडवमा तोंड कसं दाखाडू?"

"दोन्ही येतील," मी म्हणालो. मला युक्ती सुचली होती, आणि युक्ती सुचली की मी थोडा आगाऊ होतो.

बहिणीकडून दोन्ही नावं वेगवेगळी म्हणवून घेतली. कडोदऱ्याच्या काकांचं पूर्ण डाव्या कानात टाकलं, सचिनच्या काकांचं पूर्ण उजव्या. दोन्ही एकाच क्षणी सुरू. सचिनचं नाव लांब, म्हणून त्यातला श्वास कापला. आता दोन्ही एकाच क्षणी संपत होती. हेडफोनमध्ये ऐकलं. दोन काका माझ्या डोक्याच्या दोन बाजूंना उभे, ना पुढे ना मागे. मी स्वतःची पाठ थोपटली आणि आमंत्रण पाठवून दिलं.

आधी कडोदऱ्याचा फोन आला. "पाव्हणे, त्याचं नाव ऐकू येतं, माझं कुठंय?"

पाठोपाठ सचिनच्या काकांचा. "पाव्हणे, त्याचंच नाव ऐकू येतं."

मी गोंधळलो. पुन्हा ऐकलं, दोन्ही नावं ठणठणीत. मग बहिणीनं स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला. त्याला बोलायला भोक एकच. दोन्ही नावं एकमेकांवर चढली होती, आणि बहीण तोंडात भात कोंबून बोलल्यासारखी ऐकू येत होती.

"आता काय?" ती म्हणाली. आवाज रडवेला होता.

मी दोघांना फोन करून सांगितलं, "नाव आहे, माझ्याकडे येऊन ऐका." दोघांना वेळ एकच दिली. ही मात्र चूक नव्हती.

दोघं आले, खाटेवर बसले. मधे एक माणूस मावेल इतकी जागा असावी. मी इयरफोन काढला. डाव्या बोंडाला मी खुणेची दोऱ्याची गाठ बांधतो; ते कडोदऱ्याच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. पण जुळ्यांचा आवाज एक, खोकला एक, तंबाखूही एकच. मी अंदाजानं हात पुढे केले. वायर आखूड, म्हणून त्यांना सरकावं लागलं. खाट करकरली. जागा बदलल्या की काय, देव जाणे.

आमंत्रण वाजलं. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

"बराबर छे," एक म्हणाला.

"आलं ना नाव," दुसरा म्हणाला.

"कोणाचं?" बहिणीनं विचारलं. दोघांनी बोंडं माझ्या हातात परत ठेवली.

स्वतःचं ऐकलं असेल, तर एवढं गप्प का? आणि दुसऱ्याचं ऐकलं असेल, तर 'बराबर' कसं?

ते निघाले. जिन्यातून एकाचा दुसऱ्याला आवाज आला, "पायरी तुटेल शे, जपीसन उतर."

"कोण बोलना?" बहिणीनं माझा दंड धरला. "दोन्ही येतीन ना?"

"एक नक्की येतोय," मी म्हणालो, "आणि तो दुसऱ्याला धरून आणतोय. कोण कुणाला, ते मला विचारू नको."