राख उचललेली माणसं

"काहून एवढं इचारता, मॅडम? उन्हाळी लागली हाय, दुसरं काय न्हाई," महादूआबा म्हणाले.

त्यांची लघवी लाल होत होती. जळजळ नव्हती, ताप नव्हता. दुखत असतं तर मला बरं वाटलं असतं. जळजळ म्हणजे बहुतेकदा इन्फेक्शन, गोळ्यांनी जातं. न दुखता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं.

मी तेव्हा पाटोद्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होते. दुष्काळाचं साल. आबा जनावरं घेऊन गावच्या सोसायटीनं चालवलेल्या चारा छावणीत राहत होते. पाणी कमी पडतंय म्हणून असं होतंय, हे स्वतःच ठरवून धने भिजवून त्याचं पाणी पीत होते. त्यांना बायकोनं, सुभद्राबाईंनी, ओढून आणलं होतं.

मी कारणं शोधू लागले. बिडी ओढता? नाही. कधी केमिकलच्या कारखान्यात काम? तेही नाही.

सुभद्राबाई म्हणाल्या, "लई वर्सांमागं सोसायटीचं जिनिंग पेटलं तवा हे आत गेलते. माणसं काढली. मागून लई दिवस राख उपसली. काळं थुंकायचे."

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. त्या आगीत कापसाबरोबर तेल, प्लास्टिक, वायरी, सगळं जळालं होतं. अशा धुरातली आणि काजळीतली काही विषारी द्रव्यं श्वासातून, कातडीतून रक्तात उतरतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. तोवर मूत्राशयात साठून राहतात. परिणाम दिसायला कित्येक वर्षं जाऊ शकतात. आबांना आगीमुळंच झालं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. पण शहरात नेऊन तपासणं भाग होतं.

"जनावरं कोण बघंल?" आबा अडून बसले.

"मी मेली का काय?" सुभद्राबाई कडाडल्या.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासणी झाली. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण आतल्या अस्तरापुरती होती. दुर्बिणीतूनच काढता आली.

आबा त्या आगीत एकटे गेले नव्हते. मी सोसायटीच्या चेअरमनना भेटले.

"मॅडम, आग विझून जमाना झाला. आता कॅन्सरचं नाव काढलं तर लोक घाबरतील."

"घाबरू द्या. उशिरा कळण्यापेक्षा बरं. तुमची छावणी आहे, ती माणसं तिथंच आहेत. सगळ्यांची लघवी तपासायला मला फक्त एक मांडव द्या."

मग चेअरमन म्हणाले, "मांडव देतो. अन् पहिली बाटली माझी. मी पण होतो त्या आगीत."

कॅम्पच्या दिवशी चेअरमननी शब्द पाळला. पण त्यांच्यामागं कुणी हलेना. लघवीची बाटली हातात घेऊन चालायची सगळ्यांना लाज. तेवढ्यात ऑपरेशनहून परतलेले आबा उठले.

"आरं, आगीत शिराया भ्याला न्हाईत, अन् बाटलीत मुताया भेता?"

छावणीभर हशा पिकला आणि रांग लागली.

बहुतेकांच्या लघवीत काही सापडलं नाही. एकाला खडा निघाला. आणि आबांबरोबर राख उपसलेल्या शिवाजी नावाच्या मेंढपाळाच्या लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. शहरातल्या तपासणीत त्याचीही गाठ कॅन्सरचीच निघाली, पण आबांच्या गाठीपेक्षाही लहान होती; तीही काढली.

हा कॅन्सर पुन्हा उगवू शकतो, म्हणून दोघं ठरल्या वेळी तपासायला जात राहिले. आबांची गाठ एकदा परत आली, तीही लगेच निघाली. दोघं आजही मेंढरं-गुरं राखतात.

आगीत गेलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो, असं मुळीच नाही. पण आता कुठं आग लागली की मी भाजलेल्यांवर उपचार झाल्यावर आणखी एक गोष्ट विचारते. राख कुणी उचलली?